केमो संपली, आता ऑफिस: कामावर परत जाताना मन कसं सांभाळायचं

ट्रीटमेंट संपली की सगळे एकच विचारतात, मग आता जॉइन कधी होणार? शेजारच्या काकू विचारतात, नणंद फोनवर विचारते, ऑफिसमधून मेसेज येतो, आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा आपण स्वतःला पण तेच विचारत पडून राहतो. मला ब्रेस्ट कॅन्सर निघाला तेव्हा मी ४४ वर्षांची होते, एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला, रोज डोंबिवली ते अंधेरी. ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन असे दहा महिने गेले आणि रेडिएशन संपल्यावर आठव्या दिवशी मी ऑफिसला जाऊन बसले, पूर्ण वेळ, कारण मला सगळ्यांना दाखवून द्यायचं होतं की मी होते तशीच आहे. तिसऱ्या आठवड्यात बँक रिकन्सिलिएशन करत होते, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि आपले हिशेब जुळवून बघणं, १,८४० रुपयांचा फरक येत होता, सकाळी अकरापासून दुपारी तीनपर्यंत मी तीच दोन पानं वर-खाली करत बसले आणि शेवटी बाजूच्या मुलाने येऊन बोट ठेवलं, मॅडम हे बघा ना, बँक चार्जेस. समोरच होतं. वीस वर्षं हेच काम करतेय मी. बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि अर्धा तास बाहेर आलेच नाही. दुसऱ्या दिवसापासून परत दीड महिना घरी, आणि तो दीड महिना मला केमोपेक्षा जड गेला, कारण केमोच्या वेळी निदान माहीत होतं की हे कधीतरी संपणार आहे.

दुसऱ्यांदा गेले ती मात्र ठरवून गेले आणि टिकले. तेच इथे सविस्तर सांगतेय, कारण ट्रीटमेंटबद्दल सगळे सांगतात, डाएटबद्दल तर न विचारता सांगतात, पण कामावर परत कसं जायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कामात मन रमलं की आजार विसरायला होतो असं म्हणतात आणि ते खरं आहे, पण काम जर औषध असेल तर औषधासारखा त्याचा डोस पण ठरवावा लागतो, पहिल्याच दिवशी अख्खी बाटली तोंडाला लावून चालत नाही.

आणि हा माझ्या एकटीचा प्रश्न नाही. २००९ मध्ये जामा नावाच्या मेडिकल जर्नलमध्ये ३६ अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आला होता, कॅन्सरमधून उठलेल्यांमध्ये ३३.८ टक्के लोक बेरोजगार होते आणि कॅन्सर न झालेल्यांमध्ये १५.२ टक्के. ते अभ्यास बरेचसे अमेरिका-युरोपातले होते. आपल्याकडे तर कितीतरी माणसं अशी आहेत की ज्यांच्याकडे हजेरीपटच नाही, मग रजा कुठून आणायची.

आधी घरी रंगीत तालीम

ऑफिसला कळवायच्या आधी दोन आठवडे घ्या. एक साधी वही करा, रोज सकाळी उठल्यावर, दुपारी आणि संध्याकाळी अंगात किती ताकद वाटतेय याला शून्य ते दहा असा एक आकडा लिहा, शेजारी झोप किती झाली आणि मन कसं होतं ते दोन शब्दांत. फार लिहू नका नाहीतर चौथ्या दिवशी वही बंद पडते. माझ्या वहीत दुसऱ्या आठवड्यात दिसलं की सकाळी दहा ते साडेबारा मी सात-आठवर असते आणि दुपारी तीननंतर तीनवर येते, रोज, न चुकता. मग कठीण काम सकाळी आणि फायलिंग, फोन असली कामं दुपारी, हे मला त्या वहीनेच शिकवलं.

हा जो थकवा असतो ना तो साधा थकवा नाही हे आधी स्वतः समजून घ्या आणि घरच्यांनाही सांगा. साध्या थकव्यात झोपलं की बरं वाटतं, यात आठ तास झोपून उठलं तरी अंगात त्राण नसतं. त्यामुळे "आळशी झाले का मी" हा विचार मनातून काढून टाका. डॉक्टरांना मात्र नक्की सांगा, कारण कधी हिमोग्लोबिन कमी असतं, कधी थायरॉइड, कधी झोपेचा प्रॉब्लेम, आणि या गोष्टींवर इलाज आहे. बाकी थकव्यावर सगळ्यात जास्त उपयोग कशाचा होतो तर चालण्याचा, हे ऐकून मला आधी राग आला होता, चालायचीच ताकद नाही आणि म्हणे चाला. पण व्यायामाच्या ज्या गाइडलाइन्स आहेत त्यात आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास असंच सांगितलंय, आणि मी सुरुवात केली ती बिल्डिंगच्या खाली दहा मिनिटांपासून. दोन महिन्यांनी अर्धा तास जमायला लागलं. डॉक्टरांना विचारून करा एवढंच.

मग तालीम. घरी टेबलखुर्ची मांडा आणि सकाळी दहा ते एक बसून काहीतरी खरं काम करा, घराचा जमाखर्च लिहा, मुलांचं काही टायपिंग असेल ते करा, शिक्षिका असाल तर आरशासमोर पंचवीस मिनिटं उभं राहून एक धडा शिकवा. मोबाइल बाजूला. किती वेळाने लक्ष उडतं, बोटं बधिर होतात का, पाठ कधी भरून येते, सगळं कळतं. काही केमोंनी बोटांची टोकं बधिर होतात, मला ब्लाउजचं हुक लावायला पाच मिनिटं लागायची आणि कॅल्क्युलेटरवर दोन बटणं एकदम दाबली जायची, हे ऑफिसात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

प्रवासाची पण तालीम करा, मुंबईत तर करायलाच हवी, कारण आपल्याकडे ऑफिसपेक्षा प्रवासच माणसाला जास्त दमवतो. मी एकदा सकाळी अकराच्या सुमाराला, गर्दी नसताना, नवऱ्याला बरोबर घेऊन अंधेरीपर्यंत जाऊन आले आणि घरी येऊन तीन तास झोपले. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटना बसायची परवानगी असते, हे खूप जणांना माहीतच नसतं. हॉस्पिटलचं सर्टिफिकेट किंवा कार्डाची झेरॉक्स पर्समध्ये वरच ठेवा. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी मला विचारलं, बाई तुम्हाला काय झालंय, चांगल्या ठणठणीत दिसताय की. मला रडूच आलं. नंतर शिकले, कागद दाखवायचा, "कॅन्सरची ट्रीटमेंट झालीय काका" एवढं म्हणायचं आणि बसायचं. ज्यांच्या काखेतल्या गाठी काढल्यात त्यांनी त्या हाताने वरची कडी धरून लोंबकळत उभं राहू नका. अशा ऑपरेशननंतर साधारण पाचात एकीला हाताला सूज येते, लिम्फिडीमा म्हणतात त्याला, फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले असतील ते ऑफिस सुरू झाल्यावर सोडू नका, आणि सूज दाबून ठेवणारी घट्ट बाही, म्हणजे स्लीव्ह, घालायला सांगितली असेल तर ती बॅगेत ठेवून उपयोग नाही, हातात घालायची असते.

डोकं चालत नाही असं वाटतं तेव्हा

याला बोली भाषेत केमो ब्रेन म्हणतात. शब्द आठवत नाही, नाव जिभेवर येऊन अडकतं, दुधाचं पातेलं गॅसवर आहे हे विसरतो, एकावेळी दोन गोष्टी करता येत नाहीत. बहुतेकांचं काही महिने ते वर्षभरात बरंच सुधारतं. तोपर्यंत डोक्यावर भरवसा टाकू नका, कागदावर टाका. मी काय करते ते सांगते, एकावेळी स्क्रीनवर एकच फाइल, व्हॉट्सअ‍ॅप बंद, पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं उठून पाणी. कोणी टेबलाजवळ येऊन तोंडी काम सांगितलं की "जरा मेल टाकता का, म्हणजे राहणार नाही" असं हसून म्हणायचं. महत्त्वाची बेरीज किंवा पेमेंट दुसऱ्याकडून एकदा बघून घ्यायचं, यात कमीपणा काही नाही, चांगल्या ऑफिसात तशीही दोन सह्यांची पद्धत असतेच. आणि संध्याकाळी निघायच्या आधी उद्याची पहिली तीन कामं एका चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली ठेवायची, सकाळी आल्यावर कुठून सुरू करू या विचारानेच जी घाबरगुंडी उडते ती उडत नाही.

त्या रिकन्सिलिएशनच्या दिवशी मी धरून चालले होते की माझं डोकं कायमचं गेलं. ते तसं नव्हतं, झोप नव्हती, भीती होती, औषधं होती आणि मी दुपारी तीनला सकाळचं काम करत होते.

ऑफिसला काय सांगायचं आणि किती

किती सांगायचं हे तुम्ही ठरवायचं, ऑफिसने नाही. एचआरला आणि ज्यांच्या हाताखाली काम करता त्यांना मात्र गरजेपुरतं सांगावंच लागतं, नाहीतर सवलत मागणार कशाच्या जोरावर. डॉक्टरांकडून फिटनेस सर्टिफिकेट घेताना नुसतं "फिट टू जॉइन" लिहून घेऊ नका. काय करता येईल, काय नाही, किती दिवस, हे लिहून घ्या. डॉक्टर घाईत असतात, म्हणून आपणच एका कागदावर आपलं काम लिहून न्यायचं, किती तास बसणं, किती वजन उचलणं, प्रवास किती, उन्हात फिरणं आहे का. हॉस्पिटलात ऑक्युपेशनल थेरपिस्ट असेल तर फारच चांगलं, आजारातून उठलेल्याला रोजची कामं परत जमवून देणं हेच त्यांचं काम आहे.

मी दुसऱ्या वेळी जो मेल टाकला तो जवळपास असा होता, लागेल तसा बदलून घ्या:

"नमस्कार मॅडम, माझी ट्रीटमेंट पूर्ण झाली आहे आणि डॉक्टरांनी कामावर रुजू व्हायला परवानगी दिली आहे, सर्टिफिकेट जोडलं आहे. पहिले दोन आठवडे रोज चार तास, पुढचे दोन आठवडे सहा तास आणि त्यानंतर पूर्ण वेळ असं करता यावं ही विनंती. वेळ सकाळी साडेदहापासून मिळाली तर गर्दी टळेल. उजव्या हाताने जड फायली उचलायला मनाई आहे. दर तीन महिन्यांनी फॉलोअपसाठी एक दिवस रजा लागेल, तारीख आधी कळवीन. माझ्या आजाराबद्दलची माहिती कृपया तुमच्यापुरती आणि सरांपुरतीच ठेवावी. महिन्याने आपण एकदा बसून बघू या का कसं चाललंय?"

बघा, यात माफी कुठेच नाही, आणि तारखा आहेत. "जरा सांभाळून घ्या" असं म्हटलं की समोरचा हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो, चार तास म्हटलं की ते लक्षात राहतं. तोंडी बोलणं झालं तरी नंतर मेल टाकाच.

माझ्याकडे पहिल्या वेळी काय झालं ते पण सांगते कारण हे अनेकांचं होतं. मी आले तर माझ्या सगळ्या पार्ट्या, म्हणजे ज्यांचे हिशेब मी बघायचे त्या, दुसऱ्याकडे गेल्या होत्या, माझ्या टेबलावर काहीच नव्हतं. साहेब म्हणाले तुम्ही आराम करा हो, बसा नुसत्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण आठ तास रिकामं बसून एसीची घरघर ऐकणं काय असतं ते मला विचारा, आपण कोणाला नकोच आहोत असं वाटायला लागतं. मग मी सरळ जाऊन भांडून कठीण काम मागून घेतलं आणि ते झेपलं नाही. दुसऱ्या वेळी मधला रस्ता काढला, काम खरं हवं पण डेडलाइन सैल हवी. तीन छोट्या पार्ट्या पूर्ण माझ्या, कोणी मधे हात घालायचा नाही, आणि महिनाअखेरीच्या क्लोजिंगला मी मदतीला, मुख्य नाही. तुमच्या ऑफिसात लोक सहानुभूतीने तुमचं काम काढून घेत असतील तर गप्प बसू नका, "मला काम द्या पण थोडं द्या" हे शब्द पाठ करून ठेवा.

डबा, चहाचा मग आणि लोकांचे प्रश्न

पहिल्या दिवशी लोक भेटायला येतात, रांगच लागते. कोणी डोळ्यांत पाणी आणतं, कोणी आपल्या आत्याची गोष्ट सांगतं जी दोन वर्षांत गेली. शक्य असेल तर जवळच्या एका मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा की तिने ग्रुपला कळवावं, ती सोमवारपासून येतेय, बरी आहे, आजाराबद्दल विचारू नका, चहाला बोलवा. माझ्या मैत्रिणीने हे केलं आणि अर्धं ओझं तिथेच उतरलं. उरलेल्यांसाठी एक ठरीव वाक्य तयार ठेवा, "आता बरं आहे, बाकी डॉक्टरांवर सोडलंय, तुमचं कसं चाललंय?" आणि विषय तिकडेच वळवायचा.

काही प्रश्न टोचतात. "टेन्शन घेत होतीस ना खूप, म्हणूनच झालं" हे मला चार जणांनी ऐकवलं. कामाच्या टेन्शनमुळे कॅन्सर होतो याला ठोस पुरावा नाहीये, हे मी माझ्या डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं कारण मी स्वतःलाच दोष देत होते, मुलीच्या दहावीच्या वर्षी मी एवढी चिडचिड केली म्हणून झालं का, असं. आणि "पॉझिटिव्ह राहा" पण. प्रेमाने म्हणतात हो, पण मग ज्या दिवशी रडू येतं त्या दिवशी वाटतं की रडले म्हणून आजार परत येईल. नाही येत. रडा. पॅन्ट्रीत माझा चहाचा मग कोणीतरी वेगळ्या कप्प्यात ठेवायला लागलं होतं ते लक्षात आलं तेव्हा मात्र मी गप्प बसले नाही, सगळ्यांसमोर शांतपणे सांगितलं की हा लागणारा आजार नाही, एका ताटात जेवलं तरी होत नाही. दुसऱ्या दिवशी माझा मग परत जागेवर आला.

दिसण्याचं ओझं फार असतं आणि ते कोणाला सांगता येत नाही. केस यायला लागतात पण आधीसारखे नसतात. मास्टेक्टॉमी, म्हणजे स्तन काढायचं ऑपरेशन, झाली असेल तर सुरुवातीला कापसाचं किंवा विणलेलं प्रोस्थेसिस (कृत्रिम स्तन) वापरतो ते हलकं असतं, हात वर केला की सरकतं, आणि मग मीटिंगमध्ये बोलण्यापेक्षा लक्ष ओढणीकडेच. घरी ते कपडे घालून हात वर करून, वाकून, जिना चढून बघा, सरकत असेल तर आतून टाके घाला किंवा खिशाची ब्रा शिवून घ्या. एवढीशी गोष्ट आहे पण ती झाल्यावर मी मीटिंगमध्ये पहिल्यांदा तोंड उघडलं.

तोंडाच्या कॅन्सरवाल्यांचं डब्याचं दुःख वेगळंच. जबडा पुरता उघडत नाही, घास बाहेर येतो, लाळ येते, मग माणूस "मी जेवून आलोय" म्हणत एकटा बसायला लागतो आणि तिथून सगळंच तुटत जातं. अशा वेळी आधी दहा-पंधरा मिनिटं एकट्याने पातळ खिचडी, सूप जे काय ते खाऊन घ्यायचं आणि मग सगळ्यांबरोबर फक्त ताक घेऊन बसायचं, गप्पा सोडायच्या नाहीत. आणि तंबाखू सोडलेल्यांनी एक गोष्ट आधीच ठरवा, टपरीवरच्या ब्रेकचं काय करणार? दोस्त तेच, वेळ तीच, हात आपोआप खिशात जातो. ब्रेक घ्या पण जागा बदला. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन आहे, फुकट.

मनाच्या डॉक्टरकडे कधी जायचं

कॅन्सर हॉस्पिटलांमध्ये एक साधी पट्टी वापरतात, डिस्ट्रेस थर्मामीटर, ताप मोजतो तसं गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला ते शून्य ते दहामध्ये सांगायचं. चार किंवा जास्त आलं तर बोलायची वेळ झाली असं धरतात. ते तुम्ही तुमच्या वहीत दर रविवारी लिहू शकता. याशिवाय दोन आठवडे सलग मन उदास आहे, कशातच रस नाही, पहाटे तीन-चारला जाग येऊन छातीत धडधडतं, ऑफिसचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, किंवा जगून काय करायचं असं मनात यायला लागलं, तर थांबू नका. शेवटचं असेल तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मी सायकिॲट्रिस्टकडे जायला तीन महिने लावले. आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, अगं कॅन्सर झेललास, आता हे काय नवीन. शेवटी त्याच माझ्याबरोबर आल्या आणि बाहेर बाकावर दोन तास बसून राहिल्या. तिथे एक महत्त्वाची गोष्ट कळली ती प्रत्येकीने लक्षात ठेवा, टॅमॉक्सिफेन, म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरनंतर देतात ती हार्मोनची गोळी, चालू असेल तर मनाच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, कारण पॅरोक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन अशी काही डिप्रेशनची औषधं टॅमॉक्सिफेनचं काम कमी करू शकतात, आणि त्याऐवजी दुसरी औषधं देता येतात. मैत्रिणीची गोळी उचलून घ्यायची नाही. आणि आधीच चालू असेल तर मनाने बंद पण करायची नाही, फक्त विचारायचं. टॅमॉक्सिफेन पाच-दहा वर्षं चालतं, त्यात अंगातून एकदम वाफा येतात, घाम फुटतो, चिडचिड होते, त्यामुळे हे सगळं "माझा स्वभावच बिघडला" असं नसतं, बरंचसं औषधाचं असतं. टेबलावर छोटा पंखा, सुती कपडे, एक जादा कुर्ता ड्रॉवरमध्ये.

गोळ्यांइतकाच उपयोग मला बोलण्याचा झाला, ज्यांना हा आजार होऊन गेलाय त्यांच्याशी. मुंबईत व्ही केअर या कॅन्सर पेशंटना मदत करणाऱ्या संस्थेचे व्हॉलंटियर आहेत, त्यात कितीतरी जण स्वतः या आजारातून गेलेले. लहानपणी कॅन्सर होऊन आता नोकरी शोधायच्या वयात आलेल्या मुलामुलींसाठी इंडियन कॅन्सर सोसायटीचा उगम हा गट आहे. आणि ज्यांचं काम सुटलंच त्यांच्यासाठी, १९६९ पासून चालणाऱ्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनचं पुनर्वसन केंद्र आहे, तिथे पेशंट आणि घरचे लोक वस्तू बनवतात आणि त्याचे पैसे मिळतात. पैशापेक्षाही सकाळी उठून कुठेतरी जायचंय ही गोष्ट मोठी.

रजा, पैसे, हक्क

हे रुक्ष आहे पण मन निम्मं याच काळजीने पोखरतं, म्हणून वाचाच. पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापली जात असेल तर साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के मिळतात, आणि कॅन्सर हा त्यांच्या लांबच्या आजारांच्या यादीत आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळू शकतात, त्याला आधीची दोन वर्षांची नोकरी आणि ठरावीक दिवसांचं काँट्रिब्युशन लागतं. कितीतरी कामगार हे माहीत नसल्याने राजीनामा देऊन मोकळे होतात. राजीनामा देऊ नका, कोणी गोड बोलून मागितला तरी. रडत असताना तर कुठल्याच कागदावर सही करू नका. पीएफमधून आजारपणासाठी अ‍ॅडव्हान्स काढता येतो. राज्य सरकारी असाल तर १९८१ च्या रजा नियमांमध्ये कर्करोगासाठी वेगळी तरतूद आहे, आस्थापना शाखेत जाऊन विचारा.

आजारामुळे कायमचं अपंगत्व आलं असेल, म्हणजे हातपाय गेला किंवा स्वरयंत्र काढावं लागलं, तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा बघा. नुसता कॅन्सर झाला म्हणून त्यात बसत नाही, पण स्वरयंत्र काढल्याने वाचा गेली तर ते त्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, पद कमी करता येत नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. परळला ओपीडीच्या रांगेत मला साताऱ्याकडचे एक काका भेटायचे, एसटीत कंडक्टर, स्वरयंत्र काढलेलं, गळ्याजवळच्या छिद्रावर बोट ठेवून बोलायचे. तिकीट-तिकीट ओरडणारा माणूस. त्यांना डेपोत टेबलावरचं काम मिळालं होतं आणि त्याचा कागद ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर बाळगायचे. मला म्हणाले, आवाज गेला त्याचं नाही वाटलं ताई एवढं, पोरांसमोर घरी बसायचं म्हणजे... आणि बोट काढलं, पुढचं बोललेच नाहीत.

प्रायव्हेटमध्ये एवढं संरक्षण नाही, तिथे लेखी मेल आणि चांगला साहेब यांवरच बरंचसं असतं, हे खरं आहे आणि हे बदलायला हवं. मेडिक्लेम असेल तर एक बघा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शरीराच्या आजारासारखंच धरायला सांगितलंय.

ऑफिस नसलेल्यांचं

घरी स्वयंपाक, धुणं, शेतात निंदणी, शिलाई मशीन, भाजीची गाडी, हे सगळं कामच आहे आणि इथे तर जॉइन व्हायची तारीखच नसते, टाके निघाले की कुकर लावायला सुरुवात. मी बायकांना एवढंच सांगते, घरातल्यांसमोर एक कागद चिकटवा फ्रिजवर, पहिला महिना मी काय करणार आणि काय नाही. मी करणार: भाजी निवडणं, डाळभात. मी नाही करणार: पिंप उचलणं, कणीक मळणं, गाद्या टाकणं. आमच्याकडे कणीक अजून नवराच मळतो. शिलाईवाल्यांनी एकदम लग्नसराईच्या ऑर्डरी धरू नका, आठवड्याला दोन ब्लाउज, मग चार. शेतीवाल्यांनी ऊन आणि रेडिएशनची जागा यांचं डॉक्टरांना विचारून घ्या, सकाळी लवकरची वेळ धरा आणि ज्या हाताला सूज यायची भीती आहे त्यात ग्लोव्ह घाला, काटा, खुरपं लागून जखम झाली तर अंगावर काढू नका.

जो सांभाळतो त्याचं पण बघा. माझ्या नवऱ्याची वर्षभराची रजा संपली होती, हॉस्पिटलातून तो थेट नाइट शिफ्टला जायचा, आणि मी कामावर गेल्यावर दोन महिन्यांनी तोच कोलमडला. टेलिमानसचा नंबर त्याच्यासाठी पण आहे.

फॉलोअपचा आठवडा

हे शेवटचं, आणि माझ्या मते ऑफिसवाल्यांना सगळ्यात कमी कळणारं. तीन महिने सगळं छान चाललेलं असतं, फॉलोअपची तारीख जवळ आली की आठवडाभर आधी झोप उडते, पाठ दुखली तरी वाटतं हाडात गेलं, कामात चुका होतात. हे जवळपास सगळ्यांना होतं, वर्षानुवर्षं होतं. त्यामुळे त्या आठवड्यात मोठं काम घेऊ नका, तपासणीचा दिवस आणि रिपोर्टचा दिवस दोन्ही रजा टाका, रिपोर्ट ऑफिसच्या जिन्यात मोबाइलवर एकटीने उघडू नका, घरी बसून कोणीतरी शेजारी असताना उघडा. नवीन दुखणं दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर फॉलोअपची वाट न बघता फोन करा, बाकी रोजचं दुखणं वहीत लिहा आणि त्या दिवशी डॉक्टरांना दाखवा, म्हणजे रात्री गुगल करायची वेळ येत नाही.

मी वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर चारही फॉलोअप लाल पेनाने टाकते. परवाच ओपीडीत काउंटरवरच्या मुलीने १९ तारीख दिली होती, मी म्हटलं १९ नको गं, २० ला माझं जीएसटीचं रिटर्न जातं, २३ दे. तिने २३ दिली.